आभाळातून आलेला टाक

मी तमाशात राजाचं काम करायचो. जरीचा अंगरखा, डिंकानं चिकटवलेल्या मिशा, समोर जत्रेतला हजारभर माणूस आणि दोन्ही अंगांना भसाभसा जळणाऱ्या बत्त्या. आमच्यासारख्या फडाला माइक कुठला! मागच्या बैलगाडीवर बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द नुसत्या छातीनं पोचवायचा. उभी हयात हेच केलं. पण आमच्या कळस गावच्या तात्याबा धनगराइतका आवाज मला कधी लागला नाही. माळाच्या एका टोकाला उभं राहून तो हाळी द्यायचा आणि दुसऱ्या टोकाची मेंढरं चरायची थांबून मान वर करायची. मी एकदा म्हणालो, "तात्या, फडात या. माझा राजा तुमच्यापुढं पाणी भरील."

"नगं बा," तो म्हणाला. "माझी मेंढरं टाळ्या वाजवीत न्हाईत, त्येच बरं हाय."

उंच, काटक, डोक्याला लाल पागोटं आणि भर उन्हातसुद्धा खांद्यावर काळी घोंगडी. वैशाख सरत आला की आमचा फड मोडायचा आणि मी गावी यायचो. त्याच सुमाराला तात्याबाही कळप घेऊन कोकणातून परतलेला असायचा. दिवाळीनंतर घाट उतरायचा आणि पावसाच्या आधी घाट चढायचा, हा त्याच्या बापजाद्यांचा शिरस्ता. मला पाहिलं की लांबूनच विचारायचा, "काय राजं, गेलं का राज्य?"

"गेलं तात्या. आता दसऱ्यापर्यंत भिकारी."

"मंग या हिकडं. आमच्याकडं परजा लई हाय, राजाच न्हाय."

लोकर कातत तो माझ्याशेजारी बसायचा. फार बोलायचा नाही. पण त्याच्याजवळ बसलं की माणसाला आपणही बरे आहोत असं वाटायचं. रंगभूमीवर मी मोठमोठ्या नटांशेजारी उभा राहिलो, पण ही किमया थोड्यांकडेच पाहिली.

त्याला एकच मुलगा, बिरू. मिसरूड फुटलेलं, बापासारखंच उंच पोर. सत्तावन्न साली कोकणातून माघारी येताना ते एका खाडीच्या तोंडाशी ओहोटीला कळप उतरवत होते. पाणी अंदाजाच्या आधी चढलं. मागची काही मेंढरं ओढीला लागली, म्हणून बिरू परत फिरला. तात्याबा तोवर पलीकडच्या काठावर पोचला होता. त्यानं हाळी दिली. मेंढरं आली. बिरू आला नाही.

आठवडाभर खाडी धुंडाळली. काही सापडलं नाही.

आमच्या भागात घरचं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा छोटा पत्रा असतो, त्यावर सोनार मूर्ती उठवतो. तो देव्हाऱ्यात बिरोबाच्या, खंडोबाच्या ओळीला बसवायचा, सणावाराला दुधापाण्यानं न्हाऊ घालायचा, हळद लावायची. मग गेलेलं माणूस भटकत नाही, घरात राहतं. बिरूची आई सारजा त्यासाठी दोन वर्षं नवऱ्याच्या मागं लागली होती.

"अवो, बशीवा त्येला. लेकरू कुठं उन्हातानात फिरत आसंल."

"फिरत आसंल तर येईल की," तात्याबा म्हणायचा. "जित्या माणसाचा टाक कोण करतं गं?"

भावकीनं समजावलं, टोमणे मारले. साखरबाई नावाची त्याची चुलती तर तोंडावर म्हणाली, "तात्या, पोराला वर जागा न्हाय, खाली जागा न्हाय. बाप म्हनवतोस व्हय?" तात्याबा लोकर कातत राहिला. पुढच्या वर्षी कोकणात गेला तेव्हा वाटेत भेटेल त्या कळपवाल्याला विचारत गेला, आमचं पोरगं कुणाच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, आलंय का. परत आला तेव्हा पायातल्या वहाणा पार झिजल्या होत्या.

एकोणसाठच्या वैशाखात, एका सकाळी कळसच्या आभाळात दुसरा चंद्र दिसला. मी त्या दिवशी ढोलकीला नव्या कातड्याची पुडी बसवायला बारामतीला गेलो होतो. तिथंही लोक बाजारात माना वर करून उभे होते. पांढरा, चमकता ठिपका, पूर्वेकडून हळूहळू सरकत आलेला. कुणी म्हणालं रशियानं सोडलाय. कुणी म्हणालं जगबुडीची खूण. दुपारी तो ठिपका नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी गावात पाऊल टाकतो तर धनगरवाड्यातून ढोलांचा आवाज. पुरुष फेर धरून गजी नाचत होते. भंडाऱ्यानं सगळं अंगण पिवळं झालं होतं. देव्हाऱ्यापुढं तात्याबा भिंतीला डोकं टेकून बसला होता आणि रडत होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना त्याच्या घशातून हूं की चूं निघत नव्हतं.

"राजं, बिरू आला," तो मला म्हणाला. "काल आला."

झालं होतं असं. भर दुपारी आभाळातून एक लाल कापडाची छत्री उतरली. छत्रीला दोर, दोरांना एक पेटी. एवढा मोठा माळ मोकळा पडलेला असताना ती छत्री उतरली नेमकी तात्याबाच्या वाड्यात, मेंढरांच्या मधोमध. मेंढरं आधी बुजली, मग एकेक करून पेटीभोवती गोळा झाली. तात्याबानं पेटी उघडली. आत काळ्या कागदात घट्ट बांधलेला गठ्ठा. तो सोडला, तर चार बोटं रुंद अशा पातळ काचा, एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीवर सायीसारखा पांढुरका लेप. तात्याबानं एक उचलून उन्हाकडे धरली. बघता बघता त्या पांढऱ्या लेपात सावली धरायला लागली. आधी करडी, मग जांभळट. त्या सावलीत त्याला खांद्यावर घोंगडी टाकलेला मुलगा दिसला.

सारजानं पुढं विचारलंच नाही. काचा दुधानं न्हाऊ घातल्या, पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या, हळद लावली आणि देव्हाऱ्यात उभ्या केल्या. दोन वर्षांनी त्या घरात पोराच्या नावानं रडणं झालं.

मी काचा पाहिल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी आकडा होता. ही कुणाची तरी वस्तू आहे आणि तो कुणीतरी ती शोधत येणार, हे मला दिसत होतं. पण सारजाच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी आलेला निवांतपणाही मला दिसत होता. मी भंडारा कपाळाला लावला आणि जेवायला बसलो.

तो कुणीतरी तिसऱ्या दिवशी आला. भिगवणपासून गावोगाव विचारत आलेली एक जीप, आणि तिच्यातून उतरलेला धुळीनं माखलेला, चष्म्याचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण. नाव मोहनराव. मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेत होता. आभाळातला तो चमकता ठिपका म्हणजे त्यानं सोडलेला भलामोठा फुगा होता आणि पेटी त्यालाच टांगलेली होती, हे त्यानं मला सांगितलं. छत्री कुठं पडली ते दाखवायला मीच त्याला तात्याबाकडे नेलं. अंगणात ती ॲल्युमिनियमची पेटी होती आणि तिच्यात एक कोकरू झोपलं होतं. मोहनराव हसला. मग घाबरत घाबरत विचारलं, "आजोबा, यातलं सामान?"

"आत हाय. देव्हाऱ्यात."

मोहनरावनं चप्पल काढली, आत वाकून पाहिलं आणि तसाच उंबऱ्यावर बसला. सारजा पदर सावरून देव्हाऱ्याच्या आडवी उभी राहिली होती. तात्याबानं सगळी हकीगत सांगितली. कुणाचा टाक, का बसवला, कसा न्हाऊ घातला. मोहनराव मान हलवत ऐकत राहिला. मग "जरा पाणी पिऊन येतो," म्हणून उठला आणि मला डोळ्यांनी खुणावून वाड्यामागं घेऊन गेला.

तिथं त्यानं मेंढरांचं काटेरी कुंपण हातानं धरलं आणि मान खाली घातली.

"ऊन लागलं त्या क्षणीच संपल्या त्या," तो म्हणाला. "फोटोच्या काचेसारख्या असतात. अंधारातच ठेवायच्या, अंधारातच धुवायच्या. आता त्यात काही नाही."

"दुसरा फुगा सोडता येत नाही?"

"आधीचे दोन फुटले. हा तिसरा. आता साहेब मला परत फुगा देणार नाहीत, हे काम दुसऱ्याकडे जाईल." त्यानं चष्मा पुसला. "त्यांना हे सांगू नका. म्हाताऱ्याचं पोर आहे ते. राहू द्या तिथंच."

मी वगात उदार राजे पुष्कळ रंगवले. पण उदारपणा असा काटेरी कुंपणाला धरून, खाली मान घालून बोलतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आम्ही परत आलो. सारजानं गूळ घातलेला चहा दिला. तात्याबानं विचारलं, "सायेब, ह्ये नक्की काय व्हतं म्हनं?"

मोहनराव चांगला मुलगा होता, त्यानं टाळलं नाही. म्हणाला, "आजोबा, आपली पृथ्वी म्हणजे एक भलामोठा लोहचुंबक आहे. तिच्याभोवती, खूप वर, त्या चुंबकाचं एक कुंपण आहे. डोळ्यांना न दिसणारं. गेल्याच वर्षी कळलं की त्या कुंपणात बारीक कण अडकलेले आहेत. प्रोटॉन म्हणतात त्यांना. ते बाहेर पडू शकत नाहीत. उत्तरेला जातात, तिथून माघारी वळतात, दक्षिणेला जातात, तिथून पुन्हा वळतात. सारखी ये-जा."

"आमच्यावानी," तात्याबा म्हणाला. "दिवाळी झाली की कोकनात. पाऊस आला की माघारी."

"अगदी तसंच. आणि वळायच्या जागी ते खाली उतरतात, आपल्या हवेच्या जवळ. किती खाली येतात, किती येतात, कुठून भरती होतात, याचं मी एक गणित मांडलंय. कागदावर तर जमलंय. खरं आहे की नाही ते पाहायचं होतं. माझी पेटी तेवढी वर जात नाही, पण हवेच्या काठाशी जाते. तिथून उसळणारे कण या काचेत शिरले की आत बारीक रेघ उमटते. त्या रेघा मोजायच्या, आणि त्यावरून वरच्या कळपाचा अंदाज बांधायचा."

"जे लई खाली उतरत्यात, ते समदे परत वर जात्यात व्हय?"

"सगळे नाही. फार खाली आले की हवेत अडकतात."

"मंग?"

"मग संपतात ते, आजोबा."

तात्याबानं चहाची बशी खाली ठेवली. बाहेर कोकरू ओरडत होतं. त्यानं विचारलं, "काचेवर त्यो पांढरा लेप कशाचा?"

"त्यात चांदी असते."

"चांदी!" सारजा एकदम पुढं आली. "ऐकलं का? चांदीच हाय. टाकच हाय त्यो."

तात्याबा उठला. देव्हाऱ्यातली एक काच काढून त्यानं तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मेंढराच्या कानावरून फिरवतात तसा. "ही खून तुमची हाय का सायेब? ह्या कोपऱ्यातली?"

"माझीच. पण आजोबा, असू द्या. तुमच्याकडेच असू द्या."

"आसं कसं?"

धनगरांची एक रीत आहे. दुसऱ्याच्या कळपातलं चुकार मेंढरू आपल्या कळपात आलं, तर त्याच्या कानाची खूण बघून ज्याचं त्याला पोचवायचं. मधल्या काळात ते व्यालं असेल तर कोकरासकट पोचवायचं. खूण कळल्यावर एक रात्रही ठेवून घेतलं, तर त्या माणसाला कुणी शेजारी वाडा घालू देत नाही. तात्याबा तशा मेंढरामागं पार सुप्याच्या पुढं पायी जाऊन आलेला मी पाहिला होता.

"सारजे, समद्या काढ," तो म्हणाला.

"मी न्हाय काढनार."

"खून त्येची हाय. चुकार मेंढरू हाय ते."

"बिरू हाय त्यो!" तिचा आवाज फाटला. "दोन वरसं म्हनलासा जित्ता हाय. परवा म्हनलासा आला. आज म्हनता दुसऱ्याचा हाय. मी किती येळा रडू वो?"

 मोहनराव घाईनं म्हणाला, "बाई, ठेवा तुम्ही. मला नकोत, खरंच नकोत."

तात्याबानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मुंबईस्नं आलासा, गावं हुडकत आलासा, आन आता नगं म्हनता? का वो? आमी नासवल्या का काय?"

 नाटकात असा क्षण आला की नट आधी प्रेक्षकांकडे बघतो. मोहनरावनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"नाही नाही," तो म्हणाला. "चांगल्या आहेत की. तुमचं मन मोडू नये म्हणून म्हणालो."

"दुधानं न्हाऊ घातल्या."

"चालतं."

"एकीची साय निघाली. तुळशीत घातली हिनं."

"एक गेली तर चालतं, आजोबा. बाकीच्या पुष्कळ आहेत."

"उन्हाचं म्हनत व्हतासा वाड्यामागं. ऊन लागू द्याचं न्हाय म्हनं. येवढं कानावर आलं माझ्या."

"आता इथून पुढं लागू द्यायचं नाही," मोहनराव म्हणाला. 

मग तात्याबानं स्वतःच्या हातानं एकेक काच काढली. सारजा आधी भिंतीकडे तोंड करून बसली होती. नंतर तीच उठली, पदराच्या टोकानं एकेकीवरची हळद पुसायला लागली, जशी परगावी निघालेल्या पोराचं तोंड पुसावं. तात्याबानं खांद्यावरची घोंगडी अंथरली, काचा तिच्यात गुंडाळल्या, आणि जीपपर्यंत ते गाठोडं पोटाशी धरून वाकून चालत गेला, आपल्या अंगाची सावली त्याच्यावर राहावी म्हणून. वैशाखातलं ऊन होतं. मोहनरावनं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"घोंगडी परत पाठवतो," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. गनित नीट व्हऊ द्या तुमचं."

जीप गेली. मला त्या मुलाचं पुढं काय झालं ते समजलं नाही. घोंगडी आली नाही, ते बरंच झालं. ती घेऊन कुणी आलं असतं तर तात्याबानं काचांचं, गणिताचं विचारलं असतं.

त्या घरात मग दोघंच राहिली आणि देव्हाऱ्यात बिरोबाशेजारी एक मोकळी जागा. एकदा कुणाला बसवलं की ती जागा मोकळी ठेवता येत नाही, असं आमच्याकडे मानतात. पण मला वाटतं तात्याबाला रीतीनं हलवलं नाही. "संपतात ते, आजोबा," या शब्दांनी हलवलं. इतक्या माणसांनी दोन वर्षं त्याला तेच सांगितलं होतं, पण रागानं, घाईनं, रीत म्हणून. त्या पोरानं सांगितलं तेव्हा त्याचं स्वतःचंही काहीतरी संपलं होतं. तात्याबाला त्यातलं कितपत उमगलं, मला ठाऊक नाही.

मिरगाच्या तोंडावर तो माझ्याकडे आला. "राजं, इंदापूरला येताय का? सोनाराकडं जायाचं."

 वाटेत त्यानं विचारलं, "त्या पोराचं गनित सुटलं आसंल न्हवं?"

"सुटलं असणार."

"काचा येळंवर पोचल्या म्हनायच्या."

"पोचल्या, तात्या."

सोनाराच्या पेढीवर बसल्यावर त्यानं मनगटातलं चांदीचं कडं ओढून काढलं. वर्षानुवर्षं घातलेलं, हाडाला घट्ट बसलेलं. निघेना, तेव्हा सोनारानं तेल दिलं. कडं काढलेल्या जागी मनगट लहान मुलासारखं गोरं दिसत होतं.

"कुणाचा टाक?" सोनारानं विचारलं.

"लेकाचा."

"कधी वारला?"

तात्याबा पेढीवरच्या गादीकडे बघत होता.  "सत्तावन साली," तो म्हणाला. "खाडीत. माझ्यासमूर."

"दिसायला कसा होता?"

तात्याबा सांगायला लागला आणि थांबेना. उंची सांगितली, भुवई सांगितली, उजव्या पायावर जोर देऊन उभं राहायची ढब सांगितली, नाक सांगितलं. सोनार भला माणूस. तेवढ्याशा पत्र्यावर यातलं काहीही येत नाही हे माहीत असून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

टाक तयार झाल्यावर तो आणायलाही मीच सोबत होतो. पत्र्यावर उठवलेला बिरू असा: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायाशी एक मेंढरू. सारजानं तो दुधापाण्यानं न्हाऊ घातला. ढोल नव्हते, भावकी नव्हती. तिनं तो दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"नाक न्हाय आलं त्येचं," ती म्हणाली.

"न्हाय आलं," तात्याबा म्हणाला. त्यानं देव्हाऱ्यातला आपल्या आज्याचा टाक काढून तिच्यापुढं धरला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या न्हाऊ घालण्यानं त्याचं नाक, डोळे, तोंड सगळं झिजून गुळगुळीत झालं होतं. "हळद लावून लावून झिजंल ते. मंग न्हाय कळायचं, आलं व्हतं का न्हाय ते."

सारजानं हळदीची वाटी पुढं ओढली.